गाडीखाली नव्हे, गाडीत

पिंप्राळा, जळगाव
रविवार, ता. १७ जानेवारी १९७१

तीर्थस्वरूप नाना यांस,

धाकट्या वच्छलाचा वाकून नमस्कार. (डावा गुडघा जरा आखडला आहे, त्यामुळे फार खाली वाकता आलं नाही, पण नमस्कार पुरा समजावा.) आम्ही दोघं इकडे अगदी खुशाल आहोत. तुमचा खोकला कसा आहे? रात्रीचं दही बंद केलंत की अजून वहिनींशी त्यावरून वाद चालूच आहे? वहिनींनी पाठवलेला हलवा पोचला. काटा काय सुरेख आलाय! इथे माझ्या हलव्याला काटा येत नाही, नुसते फोड येतात. तिळगूळ घ्या आणि गोड बोला, असं आजच्या पत्रात तुम्हाला मुद्दाम सांगायला हवं, कारण तुमचं कार्ड काल मिळालं आणि त्यात गोड असं एक अक्षर नव्हतं.

एक तर नाना, असा मजकूर पाकिटातून पाठवावा. तुम्ही धुळ्याच्या कोर्टात शिरस्तेदार, लोकांची कागदपत्रं बांधून, सील करून ठेवता आणि बहिणीला मात्र उघडं कार्ड धाडता. आमच्या पोस्टमननं ते माझ्या हाती दिलं ते वाचूनच दिलं. मी वाचेपर्यंत तो उंबऱ्यापाशी थांबला आणि म्हणाला, “मग बाई, विकणार का सायकल?” संध्याकाळपर्यंत दोन गिऱ्हाइकं येऊन चाकं दाबून गेली. तुम्ही लिहिलंत, ‘तू गाडीखाली आल्याचे छगनशेठ यांचेकडून समजले. जीव वाचला असल्यास पत्र पावताच सायकल विकून टाकावी.’ जीव वाचला असल्यास! आणि वाचला नसता तर कोणी विकायची होती?

तर आता साक्ष माझी ऐका. छगनशेठ तुमचे शेजारी, सज्जन माणूस, पण त्यांनी जे पाहिलं ते धुळ्याच्या एसटीच्या खिडकीतून, आणि तेही बस चालू असताना. त्यांना रस्त्यावर आडवी पडलेली माझी सायकल दिसली, तिचं फिरणारं मागचं चाक दिसलं आणि एका बैलगाडीतून बाहेर आलेले माझे दोन पाय दिसले. एवढ्यावर त्यांनी धुळ्यापर्यंत माझं काय काय केलं असेल देव जाणे. मी गाडीखाली गेले नव्हते, नाना. मी गाडीत गेले होते. आणि गाडीत कापूस होता. खानदेशात ज्याला धडकायचंच असेल त्यानं कापसाच्या मोसमात धडकावं, इतकं सुख दुसऱ्या कशात नाही. पण हे मधलं झालं. मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल साक्षीदार गडबडतोय.

मी सायकलवर बसले ती हौसेनं नव्हे, पायांनी हात टेकले म्हणून. आमच्या प्रसूतिगृहातली बाळंतीण घरी गेली की दहा दिवस तिच्या घरी जाऊन तिला नि बाळाला बघायचं, हे आम्हा नर्सबायांचं काम. माझ्याकडे जुनं गाव, बळीराम पेठ आणि थेट मेहरूणच्या रस्त्यापर्यंतची घरं. पिंप्राळ्याहून निघायचं, रेल्वेचं फाटक ओलांडायचं, सगळं गाव पालथं घालायचं आणि परत यायचं. टांगेवाला बोळात शिरत नाही, आणि शिरला तर त्याला उलटं फिरता येत नाही. गेल्या वर्षी माझ्या सोबतीच्या नर्स मार्थाबाईंची नंदुरबारला बदली झाली. जाताना त्यांनी आपली लेडीज सायकल माझ्या दारात उभी केली नि म्हणाल्या, वच्छलाबाई, हिला चारा लागत नाही, फक्त तेल. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी शिकले.

शिकवलं ह्यांनी. आता तुम्हाला ठाऊकच आहे की ह्यांना स्वतःला सायकल येत नाही. पण त्याचं ह्यांना काही वाटलं नाही. स्टेशनात तिकीटखिडकीवर बसून ह्यांनी कागदावर सगळं मांडलं होतं, तोल डावीकडे गेला तर हँडल कुठं, उजवीकडे गेला तर कुठं, आणि तो कागद एका हातात धरून, दुसऱ्या हातानं माझं कॅरिअर धरून हे पिंप्राळ्याबाहेरच्या मोकळ्या शेतात माझ्यामागे धावायचे. मी पडले की हे थांबून कागद बघायचे. (कागद बरोबर होता, हे मात्र कबूल करते. उशीर व्हायचा तो वाचण्यात.) चौथ्या दिवसापासून आळीतल्या बायका पाण्याला जायच्या वाटा बदलून तिकडून जायला लागल्या. “पडली व माय!” असा गलका झाला की घरातल्या म्हाताऱ्याही बाहेर यायच्या. बाराव्या दिवशी मी न पडता शेताला पूर्ण फेरी मारली तेव्हा त्या बायकांचा इतका हिरमोड झाला की एकीनं तोंडावर सांगितलं, आता येण्यात काही अर्थ नाही.

तुम्ही लिहिलंत की जळगावची रहदारी ही बाईमाणसाची जागा नव्हे. नाना, मला वाटतं ती माणसाचीच जागा नव्हे. सकाळी नऊला रेल्वेचं फाटक पडलेलं असतं. मालगाडी भुसावळहून निघालेली असते आणि तिला सुरतेला पोचायची मुळीच घाई नसते. दोन्ही बाजूंना टांगे, हातगाड्या, केळीचे ट्रक, डाळमिलची पोती, शाळामास्तर, सगळे समोरासमोर उभे. लोक सायकली आडव्या करून दांड्याखालून घुसतात. मी घुसत नाही, कारण ह्यांची नोकरी रेल्वेची, आणि दुसरं कारण असं की एकदा घुसले होते तेव्हा अंबाडा अडकला होता. मग फाटक उघडतं, आणि दोन वरातींनी एकाच मांडवात एकदम शिरावं तसे सगळे एकमेकांत शिरतात. त्या क्षणी रोज, अगदी रोज, मागे फिरून घरी जावंसं वाटतं. हे मी तुम्हाला खरं लिहिते आहे, कारण तुम्ही समजाल मी बेफिकीर झाले. मी भिते. भीत भीत पेडल मारते आणि पलीकडे जाते.

पण त्यातून मला काही गोष्टी कळल्या, ज्या तुम्हा पायी चालणाऱ्यांना जन्मात कळणार नाहीत. ट्रक येत असला की चाकाकडे बघू नये, ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघावं. त्याला आपण दिसलो की तो शिव्या देतो, आणि शिव्या ऐकू आल्या की निश्चिंत व्हावं, कारण न बघता कोणी शिव्या देत नाही. म्हशीच्या डोळ्यांकडे मात्र बघू नये. दाणा बाजारातला पांढरा वळू रस्त्यात बसला असेल तर त्याला घंटी वाजवून उपयोग नाही, त्याला ती आवडते. टांग्याचा घोडा स्वतःच्या सवयीनं वळतो, टांगेवाल्याच्या लगामानं नव्हे, म्हणून मी आता चार-पाच घोडे ओळखून ठेवलेत. आणि वळताना हात दाखवावा म्हणतात, तोही मी दाखवते, पूर्ण कोपरापासून सरळ. सुरुवातीला सुभाष चौकात मी असा उजवा हात लांब केला तर कडेच्या भाजीवाल्यानं त्यात मेथीची जुडी ठेवली. मी तशीच वळले. (दुसऱ्या दिवशी परत जाऊन त्याला काय ते समजावून सांगितलं. मेथी चांगली होती.)

आता बुधवारचं सांगते. नाना, चार दिवस झाले तरी सांगायला बसलं की माझा आवाज चढतो. हे म्हणतात, पत्र लिहितेस की फाटकात ओरडतेस?

बुधवारी साडेदहाच्या सुमाराला मी प्रसूतिगृहात पाणी उकळायला ठेवत होते, तोच एक उंच, काळाभोर माणूस धापा टाकत दारात आला. अंगात बंडी, पायात काही नाही, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. यावलच्या वरच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. नाव रुपसिंग. कापसाच्या दिवसात ही मंडळी जिनिंगच्या कामाला इकडे उतरतात आणि मेहरूणच्या रस्त्याला झोपड्या घालून राहतात. तो तिथून धावत आला होता. “बाई, चाला! जमनाना जीव घाबरा व्हई राह्यना शे,” एवढंच म्हणाला आणि माझ्या हातातलं पातेलंच काढून घेतलं. जमना म्हणजे त्याची बायको. मी विचारलं कळा कधीपासून, तर म्हणे कालपासून. पहिलटकरीण. झोपडीत सोबतीला एक म्हातारी, तिलाही काही सुचेना. डॉक्टरीणबाई आत एका अडलेल्या बाईजवळ होत्या, त्यांनी तिथूनच सांगितलं, वच्छलाबाई, तुम्ही निघा, मी इथून मोकळी झाले की येते.

मी पिशवी घेतली, हँडलला अडकवली, पदर खोचला आणि निघाले. रुपसिंगला म्हटलं, तू मागून ये. पण नाना, त्या माणसाला वाटलं असणार की मी या गर्दीत एकदा दिसेनाशी झाले की परत सापडायची नाही. त्यानं माझं कॅरिअर धरलं. नुसतं धरलं नाही, ढकललं. डोंगरात चढणीला धावणारा माणूस तो, त्याला सपाट रस्ता म्हणजे काय! मी पेडल मारायचं सोडून दिलं, कारण माझे पाय पेडलमागे पडायला लागले. मी “हळू, हळू!” म्हणत होते आणि त्याला ते “चाल, चाल!” असं ऐकू येत असावं. नवी पेठ कधी आली, कधी गेली, मला माहीत नाही. एक सराफ दुकानाच्या पायरीवर तांब्या घेऊन चूळ भरत होता, त्यानं ती चूळ गिळली, एवढं मी पाहिलं. पुढचा ब्रेक महिनाभर नुसता नावाला होता (बदलायचं राहून जात होतं, ही माझी चूक, लिहून घ्या), मागचा दाबला तर तो किंचाळला आणि पुढे काहीच करेना. माझ्या ताब्यात फक्त घंटी उरली होती, ती मी जिवाच्या करारानं वाजवली.

उताराला वळण घेतलं आणि समोर कापसानं शिगोशिग भरलेली बैलगाडी. आडवी. गाडीवान खाली उतरून बैलाच्या जुपण्याशी काही करत होता. मी डोळ्यांकडे बघायचा नियम पाळला, पण गाडीला मागच्या बाजूनं डोळे नसतात. सायकल गाडीच्या चाकाला अडकून जिथल्या तिथे थांबली आणि मी थांबले नाही. नाना, मी उडाले! लहानपणी विहिरीत उडी मारायचे तशी उडाले, आणि पुढच्या क्षणी सगळीकडे पांढरं. ऐकू येईना, दिसेना, दुखेना. मला वाटलं संपलं, आणि संपल्यावर इतकं मऊ लागतं हे आधी कोणी सांगितलं कसं नाही? मग बाहेरून आवाज आला, “ओ बाई, कापूस शे तो, गादी नही!” तो गाडीवान, निंबा नावाचा. त्यानं एक पाय धरला, रुपसिंगनं दुसरा, आणि दोघांनी मला बाहेर ओढलं. तुमच्या छगनशेठांची बस त्याच वेळी तिथून गेली असणार.

बाहेर आल्यावर पहिलं काय केलं असेल तर पिशवी बघितली. धडकेआधी ती माझ्या हातात कशी आली ते मला आठवत नाही, पण मी तिला पोटाशी धरून उडाले होते. कात्री, औषधं, बाटली, सगळं जागच्या जागी. माझा गुडघा तेवढा गाडीच्या फळीला घासला. सायकलचं हँडल वाकडं झालं होतं, ते निंबानं पुढचं चाक मांडीत धरून एका हिसक्यात सरळ केलं. त्याचा कापूस विसकटला त्याबद्दल मी काही बोलणार तोच तो म्हणाला, “बाई, कुठं निंघनी इतकी?” मी सांगितलं. त्यानं बैल दामटून गाडी बाजूला घेतली आणि रस्ता मोकळा केला.

पण रुपसिंगच्या पायात काच गेली होती. बसला वाट देताना कडेच्या उकिरड्यात पाय पडला, भळाभळा रक्त. मी तिथेच फडकं बांधलं. त्याला धावता येईना, आणि तो नसता तर पन्नास झोपड्यांत त्याची झोपडी मला कोण दाखवणार? वेळ तर चालला होता. मी म्हटलं, बस मागे. तो लंगडत एक पाऊल मागे सरकला. “बाई, तुमना मांगे?” मी म्हटलं, बस म्हणते ना!

आता कान बंद करा, नाना. तुमची बहीण भर अकराच्या उन्हात, केसात कापूस, पांढऱ्या साडीवर रक्ताचे डाग, मागे कॅरिअरवर सहा फुटी माणूस, त्याचे लांब पाय दोन्हीकडे जमिनीला लागताहेत, अशी टॉवरच्या चौकात शिरली. लोक दुकानांतून बाहेर आले. कोणी हसलं, कोणी “बाई पाहा, बाई!” म्हणून ओरडलं, एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढून कपाळ पुसलं. आणि चौकात मधोमध, आपल्या चौथऱ्यावर, गिरधर हवालदार. हा गिरधर म्हणजे डबलसीटचा काळ. दोन माणसं एका सायकलवर दिसली की शिटी, वही, आणि सायकलच्या कराचा बिल्ला कुठाय. मी त्याच्या शिटीआधीच हात दाखवणार होते, पण दोन्ही हात हँडलवर हवे होते म्हणून मान दाखवली. शिटी वाजली. मी उतरले म्हणण्यापेक्षा सायकल कलली आणि आम्ही दोघं उभे राहिलो.

“डबलसीट,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, “आणि हे काय? पिंजाऱ्याकडून आलात का?”

मी म्हटलं, हवालदारसाहेब, मेहरूणच्या रस्त्याला एक पोर बाळंत होतेय, अडलीय. हा तिचा नवरा. वहीत लिहायचं ते लिहा, पण चालता चालता लिहा.

त्यानं रुपसिंगच्या पायाला बांधलेल्या फडक्याकडे पाहिलं. मग वही खिशात घातली, चौथऱ्याला टेकून ठेवलेली आपली सायकल काढली आणि रुपसिंगला म्हणाला, “बस रे.” म्हणजे बघा नाना! स्वतः गिरधर हवालदार, गणवेशात, टॉवरच्या चौकातून डबलसीट! तोंडात शिटी, एक हात वर. आणि त्याच्या मागून मी. तुम्हाला काय सांगू तो रस्ता कसा उघडत गेला! टांगे कडेला, हातगाड्या कडेला, केळीचा ट्रक थांबला आणि ड्रायव्हरनं एकही शिवी दिली नाही. नेरी नाक्याला एसटी उभी राहिली. मी बारा वर्षं या गावात चालले, वर्षभर सायकल चालवली, पण हे गाव कोणासाठी बाजूला होताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते एका झोपडीतल्या मुलीसाठी बाजूला झालं, जिचं नावही कोणाला माहीत नव्हतं. वाऱ्यानं माझ्या डोळ्यात पाणी आलं. (वाऱ्यानंच.)

झोपडीत शिरले तेव्हा जमना भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या तोंडून आवाज येईनासा झाला होता. अठरा-एकोणीसची असेल. मी हात धुतले, तिच्याशी बोलत राहिले, ती माझ्याकडे न बघता माझ्या केसांतल्या कापसाकडे बघत होती. पाच-सात मिनिटांत डोकं आलं आणि पाहते तर काय! नाळेचा वेढा गळ्याभोवती, घट्ट. नाना, या गोष्टी तुम्हाला लिहू नयेत, पण लिहिल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. मी बोटानं तो वेढा सोडवून डोक्यावरून काढला. मूल बाहेर आलं ते निळं, आणि गप्प. मी तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. म्हातारी रडायला लागली. बाहेर दाराशी रुपसिंग आणि हवालदार ताटकळत उभे. मी पाठ चोळतच राहिले आणि मनात कोणा देवाचं नाव आलं नाही, फक्त चोळ, वच्छला, चोळ, एवढंच. आणि मग ते आधी मांजरीसारखं कुरकुरलं, आणि मग असं ओरडलं, असं ओरडलं, की बाहेर हवालदारानं दचकून शिटी वाजवली.

मुलगी झाली. जमनानं विचारलं, “पोरगी शे का?” मी हो म्हटलं तर ती हसली, आणि तसंच हसत झोपली. डॉक्टरीणबाई नंतर टांग्यानं आल्या, सगळं तपासलं, आणि मला म्हणाल्या, दहा मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं ते बोलायला नको. टांग्याला तिथं पोचायला तासभर लागला होता.

गिरधर हवालदार निघताना वही काढून उभा राहिला. वही उघडली, पेन्सिल ओली केली, माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या सायकलच्या कॅरिअरकडे बघितलं, वही मिटली आणि म्हणाला, “बाई, मी आज चौक सोडलाच नव्हता.” शुक्रवारी मी जमनाला बघायला गेले तेव्हा ती बाळ घेऊन दाराशी आली. तिनं सायकलच्या सीटवरून हात फिरवला, घंटी वाजवून बघितली, बाळ दचकलं, तर तिला गंमत वाटली. मला म्हणाली, “बाई, भ्याव नही वाटस का?” मी म्हटलं, वाटतं गं. पण थांबले की पडते, म्हणून चालवत राहते.

तेव्हा नाना, सायकल मी विकणार नाही. पुढचा ब्रेक नवा बसवला आहे, हँडल मिस्त्रीकडून तपासून घेतलं आहे, आणि कोणी मागून ढकलायचं नाही असा घरात नियम केला आहे. तुम्ही मोठे आहात, तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. हाही मोडत नाही, फक्त तो अमलात आणत नाही. तुमच्या खोकल्यासाठी अडुळशाचा पाक एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवते आहे, तो रोज दोनदा घ्यावा. वहिनींना माझा नमस्कार, धाकट्यांना पापा. ह्यांचाही तुम्हाला नमस्कार, ते आत्ता केळीच्या गाडीची पाळी सांभाळायला स्टेशनात गेले आहेत. राग असेल तर तो भेटीत काढा, कार्डावर नको.

तुमची आज्ञाधारक,
वच्छला

ता. क. : मूळ काम लिहायचं राहिलंच. तुमची चंद्रकला मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झाली, तरी गेल्या जूनपासून ती घरी बसून आहे, कारण कॉलेज पांझरा नदीपलीकडे देवपूरला, आणि पोरीनं एवढ्या रहदारीतून जायचं कसं, असं तुम्ही म्हणालात. येत्या जूनला तिला पाठवा, नाना. तिला एक सायकल घेऊन द्या. तिच्यात बुद्धी आहे, ती आग्रा रोडच्या पलीकडे जायला हवी. एवढं सगळं मी यासाठीच लिहिलं. आता पुन्हा वाचून पाहते तर रहदारी फार सुरक्षित आहे असं त्यातून काही दिसत नाही, पण नव्यानं लिहायला वेळ नाही.

ता. क. दुसरा : चंद्रकला पडेल अशी भीती बाळगू नये. दिवाळीत ती इथे आली होती तेव्हा चार दिवसांत शिकली. गेले दोन महिने ती धुळ्यात तासाच्या भाड्यानं सायकल घेऊन चालवते आहे. वहिनींना माहीत आहे. त्यांच्यावर रागावू नका, सायकल त्याच धरतात.

ता. क. तिसरा : गेल्या महिन्यात पाचकंदिलाजवळ एका सायकलवाल्या मुलीनं तुम्हाला धक्का देता देता सोडलं, आणि तुम्ही घरी येऊन ‘कोणाची कार्टी होती कोण जाणे, आईबापांनी वळण म्हणून लावलं नाही’ असं जेवताना तासभर बोललात, ती तीच. तिचं म्हणणं असं की तिनं दोनदा घंटी वाजवली होती, हातही दाखवला होता, आणि रस्त्याच्या मधोमध उन्हाची छत्री तोंडापुढे आडवी धरून तुम्ही चालला होतात.